ठाणावरची नाडी

मलकपेठ, हैदराबाद
१२ जानेवारी २०२५

दादा,

हे पत्र आईनं लिहायला लावलेलं नाही. बाबांनी तर नाहीच. तू आमच्या तिघांचे नंबर बंद करून ठेवलेस म्हणून लिहायलेय. दिवाळीला आईला साडी पाठवलीस त्या पार्सलवर विशाखापट्टणमचा पत्ता होता, तेवढा कागद मी फाडून ठेवला होता.

तुझा फोन चालू असता तरी मी बोलले नसते, तुला माहीतच आहे. समोरचा हॅलो म्हणाला की माझं तोंड बंद होतं. नववीत उभं करून धडा वाचायला लावायचे, त्याच्यापायी तर शाळा सुटली. लिहिताना कोणी बघत नाही, म्हणून जमतं.

कामाचं सांगते. बाबांनी गोळ्या सोडल्या. बीपीची पण आणि ती रक्त पातळ करायची पण.

दोन वर्षांमागं तू त्यांना दवाखान्यात नेलंस तेव्हा धडधड महिन्यातून एकदा-दोनदा यायची, चार-पाच तास राहायची आणि आपोआप जायची. डॉक्टर म्हणाले होते, हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल सुटतो. दुसऱ्या खेपेला ईसीजी काढला तर पट्टी सरळ आली, म्हणजे ताल बरोबर. धडधड त्या दिवशी नव्हती, म्हणून सरळ आली. पण बाबांनी ठरवून टाकलं की डॉक्टरला काही कळत नाही. ती सरळ पट्टी त्यांनी आधार कार्डाच्या कव्हरात घालून ठेवलीय. कोणी आजाराचं नाव काढलं की काढून दाखवतात.

त्यांचं खरं म्हणणं काय आहे ते तुझ्यापर्यंत पोचलं का मला माहीत नाही. तुमचं तेव्हा बोलणं कमी आणि ओरडणं जास्त झालं. त्यांचं म्हणणं घोड्यांवरनं आहे. चौतीस वर्षं रेसकोर्सच्या तबेल्यात जबड्याखाली बोटं ठेवून नाड्या बघितल्यात त्यांनी. ते म्हणतात, चांगला तयार घोडा ठाणावर, त्याच्या बांधायच्या जागेवर, आरामात उभा असला की त्याची नाडी ठोका चुकवते. तीन ठोके, एक सुट्टी. परत तीन ठोके, एक सुट्टी. हृदय इतकं दमदार असतं की दर वेळी मारायची त्याला गरज पडत नाही. घोडा सांभाळणारा नवा सईस घाबरून डॉक्टर बोलवा म्हणतो आणि जुने सईस हसतात.

"माझी तसलीच हाय," बाबा म्हणतात. "तयार घोड्याची."

आई म्हणाली, "अहो, तुम्ही घोडा हाव का?"

"चौतीस वर्षं त्यांच्यात राहिलो. तुझ्यात किती राहिलो, सांग बरं."

आई आधी हसली. मग दोन दिवस बोलली नाही.

घोड्यांचं ते खोटं नाही. शिवराजकाका पण तेच सांगतात आणि तेही तीस वर्षं सईस आहेत. बाबा येड्यासारखं काही बोलत असते तर सोपं होतं.

मी रोज सकाळी चहाला त्यांची नाडी मोजते आणि वहीत लिहिते. मला मोजू देतात, कारण मी मोजताना काही सांगत नाही.

बाबांच्या धडधडीचं ट्रेनरसाहेबांना कोणी सांगितलं आणि त्यांची तबेल्यातली जमादारी कशी गेली, त्याच्याबद्दल या पत्रात लिहीत नाही.

त्रिवेणी

२ मार्च

दादा,

बीपीचं मशीन पोचलं. चिठ्ठी असेल म्हणून डब्यातला थर्माकोल पण काढून बघितला. नव्हती. ठीक आहे. मशीन आलं म्हणजे पत्र वाचलंस.

मशीनवर बाबांच्या वेळी दर खेपेला एक दिलाचं चित्र येतं, वाकडंतिकडं. आईला लावलं तर येत नाही, मला लावलं तर येत नाही. पुस्तकात लिहिलंय की ठोके अनियमित असले की ते येतं.

"फुटपाथचा माल," बाबा म्हणाले. "विकासला कोणीबी टोपी घालतं."

"मग माझ्या हाताला का नाही दाखवत?" आईनं विचारलं.

"तुझ्यापुढं कोणाची हिंमत होती दाखवायची?"

तुझं नाव घेतलं त्यांनी, दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हणून लिहिलं.

मागच्या रविवारी शिवराजकाका आले होते. नवा ट्रेनर आलाय, मंदार म्हणून. त्याला जुना जमादार पाहिजे, सगळ्या सईसांवर नजर ठेवायला. एक मेपासून या म्हणतो. पावसाळी सीझनच्या आधी नवे घोडे येणार आहेत, सकाळच्या फेरीला त्यांच्यावर बसावं पण लागेल.

"तब्येतीचं विचारलं का त्यानं?" बाबा.

"हां, पूछा ना. मी बोललो, जमादारकू काय धाड भरली, एकदम फस्क्लास."

"हौ. बरोबर बोलला."

शिवराजकाका गेल्यावर बाबांनी माळ्यावरनं बूट काढले आणि बाल्कनीत बसून तेल लावलं. दोन वर्षांत मी त्यांना शिट्टी वाजवताना ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी ऐकलं.

आईला म्हणाले, "दिवाळीपासून एकदा पण धडधडलं नाही. गेलं ते. उगाच गोळ्या खाऊ कायको?"

पण माझ्याकडं वही आहे, दादा. ज्या दिवशी नाडी वाकडी लागते त्या तारखेला मी गोल करते. पहिल्या वर्षी महिन्याला दोन-तीन गोल आहेत. मागच्या पावसाळ्यात आठ, दहा, एका महिन्यात चौदा. दिवाळीच्या पुढं सगळेच गोल. एक पण तारीख सुटलेली नाही. म्हणजे गेलं नाही, राहायलाच आलंय. ये-जा करायचं तेव्हा बाबांना आल्याचं कळायचं. आता उठताबसता तेच आहे, तर कळेना.

मी वही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "अक्षर सुधारलं तुझं."

बाकी ठीक. साड्यांना फॉल लावायचं काम बरं चाललंय, लग्नसराई आहे. परवा बाबांच्या हातून कप पडून फुटला, म्हणून आईनं स्टीलचे आणले.

त्रिवेणी

९ मार्च

दादा,

कपाचं मी पूर्ण लिहिलं नव्हतं.

शुक्रवार होता, अठ्ठावीस फेब्रुवारी. आई भाजीला गेली होती. बाबांच्या उजव्या हातातनं कप सुटला आणि ते हाताकडं बघतच राहिले. मी फडकं आणलं. ते काहीतरी म्हणाले, पण शब्द होईना. जीभ जड झाल्यासारखं नुसतं गुळगुळ. तोंडाची एक बाजू खाली आली होती. मी त्यांचा हात धरून बसले. शेजारी पळायला पाहिजे होतं, मी नुसती बसले. आठ-दहा मिनिटांनी बोटं हलली, मग शब्द आले. पहिला शब्द हा की, आईला सांगायचं नाही. माझी शपथ आहे.

तुला सांगायचं नाही असं म्हणाले नव्हते. तरी मी मागच्या पत्रात नुसता कप लिहिला. लिहिलं की खरं होतं, म्हणून.

परवा, सात तारखेला, दोरा आणायला जाते म्हणून सांगितलं आणि दिलसुखनगरला डॉक्टर श्रुती मॅडमकडं गेले. आई बीपीसाठी जाते त्याच. घरूनच सगळं कागदावर लिहून नेलं होतं. कागद, वही आणि बाबांची जुनी फाईल टेबलावर ठेवली. त्यांनी पूर्ण वाचलं. बाहेर पेशंट खोकत होते तरी वाचलं.

"बोलत नाहीस का गं?"

मी मान हलवली.

"बरं. मी विचारते, तू मान हलव. घोरतात?"

हो.

"झोपेत मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो?"

हो. दुपारी बाबा झोपतात तेव्हा मी पंधरापर्यंत मोजलंय, मग दचकल्यासारखा श्वास घेतात.

"बीपी आहेच. शुगर? वय एकसष्ट. दारू?"

शुगर थोडी. दारू नाही.

त्यांनी फाईलमधला दोन वर्षांआधीचा हृदयाचा रिपोर्ट काढला. म्हणाल्या, "वरचा डावा कप्पा तेव्हाच जरा मोठा होता. बघ, हे दुखणं सगळ्यांचं एका चालीनं जात नाही. काहींचं वर्षानुवर्षं ये-जा करतं. पण वय, बीपी, हे घोरणं, मोठा झालेला कप्पा, असं एकात एक असलं की ये-जा करणारं लवकर मुक्कामाला येतं. आणि मुक्काम झाला की कप्पा अजून फुगतो, म्हणजे ते अजून पक्कं होतं. तुझ्या वहीत तेच दिसतंय. इतकं सरळ तर माझ्याकडच्या कागदांत पण दिसत नाही."

मग कपाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"कप्पा नुसता थरथरतो, रक्त तिथं साकळतं. गुठळी होते आणि डोक्यात जाते. त्या दिवशी तेच झालं असणार. नशिबानं आपोआप सुटली. पुढची सुटेल असं मी सांगू शकत नाही. पुढची कधी येईल ते पण नाही. आजच आण त्यांना. आणि परत तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडकलं, तर माझ्याकडं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलला. कोणाला विचारत बसू नकोस."

घरी येऊन मी शपथ मोडली. आईला सांगितलं. आई रडली, भांडली, मग हात जोडले. बाबा हलले नाहीत.

"चाळीस घोड्यांत काम करायचं हाय मला," ते म्हणाले. "रक्त पातळ झालं आणि एक लाथ बसली, तर जाग्यावर रिकामा होईन मी. ते मरण मी बघितलंय, तुमच्या डॉक्टरणीनं बघितलं नाही."

दादा, मला वाटायचं ते हट्ट करायलेत. ते घाबरलेत.

दोन दिवस झाले. मॅडम आजच म्हणाल्या होत्या.

त्रिवेणी

११ मार्च

दादा,

मी खोटं बोलले ते सांगते.

काल दुपारी बाबा झोपले होते. मी एका हाताची बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून त्याच्या मागं नखानं टकटक करत गेले. त्यांचा एक ठोका, माझं एक टक. मोबाईल रेकॉर्डिंगला लावलेला. पूर्ण तीन मिनिटं. संध्याकाळी ते दूध घेऊन तीन मजले चढून आले, तेव्हा खुर्चीवर बसल्या बसल्या परत नाडी धरली आणि परत तेच केलं. माणसाची नाडी घोड्याच्या दुपटीनं पळते, म्हणून दोन्ही रेकॉर्डिंग अर्ध्या वेगाला लावली.

आज सकाळी चहा झाल्यावर मोबाईल त्यांच्यापुढं ठेवला. वाक्य पाठ केलं होतं. "शिवराजकाकांनी पाठवलंय. एका घोड्याची नाडी आहे. बघा म्हणालेत."

माझ्या तोंडून इतकं लांब वाक्य आलं म्हणून ते आधी माझ्याकडंच बघायला लागले. मग डोळे मिटले. तीन बोटं टेबलावर ठेवली, जबड्याखाली ठेवतात तशी.

"ठाणावरची हाय?"

मी हो म्हणाले.

"जरा चढी हाय. ताप-बीप?"

नाही.

"सुट्टी कुठं घेतोय बघू." बोटं हलायला लागली. "दोन, सुट्टी. पाच. हां, सुट्टी. दोन... नाही. हे काय मधीच दोन जोडून आले." बराच वेळ ऐकलं. "याला नेमच नाही. कधीपासून हाय असं?"

मी चार बोटं दाखवली. "महिने."

"चार महिने? आणि तो येडा हौला आता पाठवतो?" डोळे उघडले नाहीत. "फिरवून आणल्यावरची हाय का?"

ती मागतील असं मला वाटलंच नव्हतं, मी नुसती जवळ ठेवली होती. दुसरी लावली.

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तयार घोडा असला तर फिरवल्यावर सुट्टी निघून जाते. एकसारखा पळतो ठोका. याचा बघ, अजून बिनसला." मोबाईल त्यांनीच उपडा केला. "याच्यावर कोणाला बसू देऊ नका म्हणावं. अशी एक लाल घोडी होती आमच्याकडं. ठाणावर बघणाऱ्याला काही कळायचं नाही, खायची, प्यायची. पळवली की शेवटच्या फर्लांगाला नाकातनं रक्त. साहेबांनी त्याच दिवशी डॉक्टर लावला. शिवराजला फोन लाव, मी बोलतो."

मी फोन लावला नाही. मोबाईल सरळ केला, पहिलं रेकॉर्डिंग पूर्ण वेगाला लावलं, आणि त्यांचीच तीन बोटं उचलून त्यांच्याच मनगटावर ठेवली. बोलायला पाहिजे होतं. ते वाक्य पाठ केलं नव्हतं.

रेकॉर्डिंग संपलं तरी बोटं तिथंच होती. आई स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातानं उभी होती. मला वाटलं आता कप फेकतील, मोबाईल तरी फेकतील.

"शिवराजला माहीत हाय का हे?"

"नाही."

"सांगू नको."

मग उठले. शर्ट घातला. बटणं लावताना विचारलं, "डॉक्टरीण किती वाजता बसती?"

त्रिवेणी

६ एप्रिल

दादा,

तीन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं, आता घरी आहेत. डोक्याचा फोटो काढला, त्यात एक बारका जुना डाग आहे. अठ्ठावीस तारखेचा असेल, त्याच्या आधीचा पण असेल, असं म्हणाले. त्याच्या आधीचा असेल तर तो आमच्यापैकी कोणीच बघितला नाही. वरचा कप्पा दोन वर्षांत अजून वाढलाय. गोळी दिवसातून दोनदा, चुकवायची नाही. बीपीची वेगळी. घोरण्यासाठी झोपेची तपासणी करायचीय.

बाबांनी श्रुती मॅडमना सरळ विचारलं, "ताल परत जाग्यावर येतो का?"

"दोन वर्षांआधी नीट औषध घेतलं असतं तर ये-जा आहे तिथंच बरीच वर्षं राहिली असती, कदाचित. कदाचितच. आता गोळी काही आठवडे घ्या, मग झटका देऊन ताल बसतो का बघू. कप्पा मोठा झालाय, बसला तरी टिकेल अशी खात्री देत नाही. पण ताल नाही बसला तरी गुठळी थांबवता येते. ते तुमच्या हातात आहे."

"आणि लाथ बसली तर?"

"लाथेच्या टप्प्यात जायचंच नाही."

बाबा म्हणाले, "मॅडम, जमादार लाथेच्या टप्प्यातच असतो." पण भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः मंदारसाहेबांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. कारण पण खरं सांगितलं. तो म्हणाला, कठड्याच्या बाहेर खुर्ची टाकतो, पोरांना नाड्या बघायला शिकवा. बाबा म्हणाले, बघतो. अजून बघायलेतच. बूट परत माळ्यावर गेले नाहीत, दाराशीच आहेत. घालत पण नाहीत.

आता पहिल्या पत्रात लिहीत नाही म्हणाले होते ते लिहिते.

बाबांच्या धडधडीचं सांगणारी चिठ्ठी मी दिली होती. जुन्या ट्रेनरसाहेबांच्या गाडीच्या वायपरखाली ठेवली होती. "प्रतापराव जमादारांची छाती धडधडते आणि चक्कर येते, त्यांना नव्या घोड्यावर बसवू नका." नाव घातलं नाही. मी पंधराची होते. मला वाटलं फक्त बसवायचे बंद करतील, कामच काढून घेतील असं डोक्यात आलं नाही. बाबांना वाटलं तू जाऊन सांगितलंस, कारण दवाखान्याचं तुलाच माहीत होतं. तू आईची शपथ घेऊन नाही म्हणत होतास तेव्हा मी दाराच्या मागं होते. बाहेर येऊन चार शब्द बोलायचे होते. तू बॅग भरलीस, खाली उतरलास, मी बाल्कनीतनं बघितलं.

मी लाजते म्हणून बोलत नाही असं सगळे म्हणतात. तेव्हा लाजेनं गप्प नव्हते मी. तुझ्यावर गेलं ते बरं वाटलं होतं. ते पण लिहायला पाहिजे.

मंगळवारी बाबांना सांगितलं. लिहून नाही, तोंडानं. ते जेवत होते. पूर्ण ऐकलं, जेवण संपवलं, हात धुतला. दोन दिवस सकाळी मनगट पुढं केलं नाही. चहा प्यायचे आणि बाल्कनीत जायचे. वहीत त्या दोन तारखा कोऱ्या आहेत.

शुक्रवारी मनगट पुढं केलं. मी मोजलं, लिहिलं. मग म्हणाले, "तो तरी कुठं थांबला. दोन शब्द अजून बोलला असता." थोड्या वेळानं म्हणाले, "मी बोलू दिलं नाही."

आईनं हे ऐकलं आणि नळ चालू करून भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

आज मी पत्र लिहायला बसले तर समोर येऊन बसले. श्रुती मॅडम त्यांना म्हणाल्यात की बापाला हे असलं तर लेकरांना व्हायचा संभव जास्त असतो. होईलच असं नाही, पण बीपी सांभाळायचं आणि अधूनमधून नाडी बघत राहायचं. माझी नाडी बाबांनी स्वतः बघितली, तीन बोटं ठेवून. बहात्तर, एकसारखी. मग तुझ्या नावाकडं बघत बसले, पाकिटावर लिहिलं होतं ते.

"त्याला नाडी बघता येती का?"

मी म्हणाले, माहीत नाही.

"लिही. अंगठ्याच्या मुळाशी, तीन बोटं, दाबायचं नाही. बसून पाच मिनिटं झाल्यावर. मग एक मिनिट पूर्ण मोजायची. आकडा कळव म्हणावं. आणि एकसारखी हाय का वाकडी हाय, ते पण. पत्रानं नको, पत्राला आठ दिवस लागतात. फोन कर म्हणावं."

लिहिलं. मग मी विचारलं, "आई विचारते म्हणून लिहू?"

"नाही," बाबा म्हणाले. "मी विचारलंय म्हणून लिही."

त्रिवेणी